करंजाच्या आणि तळणाच्या तेलापासून बायोडिझेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापे १० लिटर तेलाच्या बॅचसाठी आहेत. बहुतेक बॅचेस बिघडतात त्या दोनच कारणांनी: तेलातले पाणी आणि तेलातले सुटे आम्ल. ही दोन मोजल्याशिवाय मिथेनॉलच्या, म्हणजे क्रियेला लागणाऱ्या विषारी अल्कोहोलच्या, डब्याचे झाकणही उघडू नये.

तेल गाळून थेट डिझेलच्या टाकीत ओतले तर? तेही वनस्पतीपासूनचेच इंधन ना?

इंजिन चालू होईल, पण टिकणार नाही. ४० अंश सेल्सियसला खाद्यतेलाची श्यानता, म्हणजे घट्टपणा, ३५ ते ४० सेंटिस्टोक असतो, डिझेलचा २ ते ४.५. इतके घट्ट तेल इंजेक्टरमधून बारीक तुषार होऊन फवारले जात नाही, थेंब मोठे पडतात आणि अर्धवट जळतात. मग इंजेक्टरच्या टोकावर कार्बनचा थर चढतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात आणि न जळलेले तेल खाली झिरपून इंजिन ऑइल चिकट करते.

तेलाच्या एका रेणूत ग्लिसरीनच्या एका सांगाड्याला तीन मेदाम्ले जोडलेली असतात. मिथेनॉल आणि अल्कलीच्या (कॉस्टिक पोटॅश किंवा कॉस्टिक सोडा) मदतीने ती सुटी केली की प्रत्येक मेदाम्लाला मिथेनॉल जोडले जाते आणि ग्लिसरीन तळाशी बसते. वरचा पातळ थर म्हणजे बायोडिझेल. त्याचा घट्टपणा ४ ते ५ सेंटिस्टोक, म्हणजे डिझेलच्या जवळ येतो.

रुडॉल्फ डिझेलने पहिले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवले होते, हे खरे का?

नाही. १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन असतो, त्या दिवशी ही गोष्ट दरवर्षी फिरते. शेंगदाणा तेलावरचे इंजिन १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात ‘ऑटो’ नावाच्या कंपनीने दाखवले होते. तेही तेलच होते, बायोडिझेल नव्हते. तेलावर अल्कोहोलची क्रिया करून इंधन बनवण्याचे पेटंट १९३७ सालचे आहे, बेल्जियमच्या शावान यांचे. पुढच्या वर्षी ब्रुसेल्स ते लूव्हाँ अशी प्रवासी बस पामतेलाच्या अशा इंधनावर धावली.

कोणते तेल घ्यावे?

महाराष्ट्रात विचार करण्याजोगी दोनच: करंजाचे तेल आणि वापरलेले तळणाचे तेल. सोयाबीन, सरकी, सूर्यफूल यांचे बायोडिझेल सोपे बनते आणि चांगले बनते, पण देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातले निम्म्याहून अधिक बाहेरून आणावे लागत असताना ते टाकीत घालणे आम्हाला पटत नाही. परवडणारही नाही.

कोकणात उंडी आहे. तिच्या गरात निम्म्याहून अधिक तेल असते, पूर्वी ते दिव्याला आणि होड्यांना वापरत. मात्र ते बहुधा आंबट आणि राळयुक्त असते, आधी शुद्ध केल्याशिवाय हाताळू नये. मोहाच्या तेलातही सुटे आम्ल फार. एरंडेल घेऊच नका: त्याचे बायोडिझेल मूळ तेलापेक्षा पातळ झाले तरी डिझेलच्या मानाने घट्टच राहते.

करंजाच्या किती बिया लागतात? तेल आंबट का निघते?

बीमध्ये साधारण २७ ते ३९ टक्के तेल असते. एक्स्पेलरमधून त्यातले सगळे येत नाही, २५ टक्के हाती लागले तर काम चांगले झाले समजा. त्या हिशेबाने १० लिटर तेलाला ३७ ते ४० किलो सोललेले बी लागेल.

तेलाची आम्लता घाण्यात ठरत नाही, गोदामात ठरते. ओल असली की बीमधली विकरे (एन्झाइम) तेलाचे तुकडे करून मेदाम्ले सुटी करतात. पावसाआधी शेंगा गोळा करून, कडक वाळवून, फोडून, हवा खेळेल अशा पोत्यांत ठेवलेल्या बियांचे तेल आणि पावसाळाभर झाडाखाली पडून मग वेचलेल्या बियांचे तेल यांत कित्येक पटींचा फरक पडतो. बुरशी आलेले बी वेगळे काढा. दहा किलो खराब बी शंभर किलोंचे तेल नासवते.

घाण्यातून आलेल्या तेलात डिंकासारखे पदार्थही असतात. तेल ६५ अंशांपर्यंत तापवून त्यात हजारी एक भाग फॉस्फोरिक आम्ल ढवळा, मग २ ते ३ टक्के गरम पाणी घालून पुन्हा ढवळा आणि रात्रभर ठेवा. डिंक तळाशी साका होऊन बसतो. वरचे तेल अलगद काढून घ्या.

तेलातले पाणी कसे काढायचे?

तळणाचे तेल आधी कापडातून गाळून पुरी-भजीचा चुरा काढा. नंतर तेल ११० अंशांपर्यंत हळूहळू तापवा. तडतड आणि बुडबुडे पूर्ण थांबेपर्यंत तिथेच ठेवा. पाणी जास्त असेल तर तेल उसळून भांड्याबाहेर येते, म्हणून भांडे दोन तृतीयांशाहून अधिक भरू नका. ६० अंशांना तापवून रात्रभर ठेवले आणि तळाचे पाणी काढून मग तापवले, तर इंधन वाचते आणि उसळीही कमी येते.

आम्लता कशी मोजायची?

यालाच टायट्रेशन म्हणतात. आम्ही कॉस्टिक पोटॅश (पोटॅशियम हायड्रॉक्साइड; पुढे नुसते पोटॅश) गृहीत धरतो, बाजारात मिळणारे साधारण ९० टक्के शुद्धतेचे.

१ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश १ लिटर डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. हे मोजमापाचे द्रावण. लहान काचेच्या भांड्यात १० मिलिलिटर आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, त्यात फिनॉल्फ्थॅलीनचे, म्हणजे अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे, दोन-तीन थेंब टाका. अल्कोहोल स्वतःच किंचित आम्लधर्मी असू शकते, म्हणून फिकट गुलाबी रंग येईपर्यंत त्यात द्रावणाचे थेंब घाला. आता सिरिंजने नेमके १ मिलिलिटर तेल टाका, भांडे कोमट करून हलवा. मग द्रावण थेंबाथेंबाने सोडत राहा. गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. किती मिलिलिटर लागले तो तुमचा आकडा.

हा आकडा म्हणजे दर लिटर तेलाला किती ग्रॅम पोटॅश जास्तीचे घालायचे ते. शिवाय त्याच्या साधारण निम्मे म्हणजे सुट्या मेदाम्लांची टक्केवारी: आकडा ३ आला तर दीड टक्का, १० आला तर पाच टक्के.

मोजणी तीनदा करा. १ मिलिलिटरऐवजी चुकून १.२ मिलिलिटर तेल गेले, तर आकडाच २० टक्क्यांनी चुकतो. १० मिलिलिटरच्या सिरिंजने १ मिलिलिटर मोजू नका, लहान सिरिंज आणा.

आकडा ५ पेक्षा जास्त आला, तर?

थेट अल्कली घातली तर बॅचचा साबण होतो. अशा तेलावर आधी आम्लाची फेरी करावी लागते. तिच्यात सुट्या मेदाम्लांचेच बायोडिझेल होते, म्हणजे ती वायाही जात नाहीत.

सुट्या आम्लाच्या दर ग्रॅमला २.२५ ग्रॅम मिथेनॉल आणि ०.०५ ग्रॅम तीव्र सल्फ्युरिक आम्ल घ्यायचे. समजा आकडा १० आहे. १० लिटर तेलाचे वजन सुमारे ९.२ किलो, त्यात ५ टक्के म्हणजे ४६० ग्रॅम आम्ल. मग मिथेनॉल १,०३५ ग्रॅम, म्हणजे १.३ लिटर, आणि सल्फ्युरिक आम्ल २३ ग्रॅम, म्हणजे १२ ते १३ मिलिलिटर. आम्ल हळूहळू मिथेनॉलमध्ये सोडा, कधीही उलटे नाही. मिश्रण तेलात घालून ६० अंशांना एक तास ढवळा आणि काही तास स्थिर ठेवा. मिथेनॉल आणि क्रियेत तयार झालेले पाणी बहुतेक वेळा वर तरंगते, ते काढून टाका. ते ठेवले तर पुढच्या फेरीत पाणी आपणच घातल्यासारखे होते.

मग पुन्हा टायट्रेशन. आकडा ३ च्या आसपास आला की अल्कलीची फेरी. उरलेले सल्फ्युरिक आम्लही याच आकड्यात मोजले जाते, वेगळा हिशेब लागत नाही. आकडा उतरला नाही तर आम्लाची फेरी पुन्हा करा. घाईने अल्कलीकडे जाऊ नका.

मुख्य कृती सांगा.

कोरडे केलेले १० लिटर तेल, मिथेनॉल २.२ लिटर, आणि कॉस्टिक पोटॅश लिटरला ५.५ ग्रॅम अधिक तुमचा आकडा. आकडा ३ असेल तर ८.५ गुणिले १०, म्हणजे ८५ ग्रॅम. वजनकाटा किमान १ ग्रॅम अचूकतेचा हवा. पोटॅश हवेतले पाणी झपाट्याने ओढते, म्हणून डबा उघडला की मोजा आणि लगेच बंद करा. ओलसर झालेल्या गोळ्यांचे वजन फसवे असते.

जाड एचडीपीई प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये मिथेनॉल घेऊन त्यात पोटॅश थोडे थोडे टाका, झाकण लावून हलवा, अधूनमधून झाकण सैल करून दाब सोडा. द्रावण आपोआप गरम होते. पूर्ण विरघळेपर्यंत थांबा, तळाशी एकही दाणा राहता कामा नये. ॲल्युमिनियमचे भांडे अजिबात नको: अल्कली त्याला खाते आणि हायड्रोजन वायू सुटतो. पिण्याच्या पाण्याची पातळ बाटलीही नको.

तेल ५५ अंशांवर आणून गॅस किंवा शेगडी पूर्ण विझवा. उघड्या ज्वाळेवर ही क्रिया करायची नाही, गरम ठेवायचे असेल तर गरम पाण्याच्या टबात भांडे ठेवा. मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळते, म्हणून ६० च्या वर जाऊ नका. झाकणबंद भांड्यात पोटॅशचे द्रावण सोडून एक तास जोरात ढवळा. तेल आणि मिथेनॉल आपणहून मिसळत नाहीत, इथे ढवळण्यात कसूर झाली की क्रिया अर्धवट राहते.

तास झाला की थांबा. पंधरा-वीस मिनिटांत तळाशी गडद तपकिरी थर जमू लागतो, ते ग्लिसरीन. आठ ते बारा तास तसेच ठेवून तळाच्या तोटीने ते काढून घ्या. मिथेनॉल आणि साबण धरून हा थर दीड ते दोन लिटर भरतो.

कॉस्टिक सोडा चालेल का? तो सहज मिळतो.

चालतो, मूळ मात्रा लिटरला ३.५ ग्रॅम. त्यासाठी टायट्रेशनचे द्रावणही सोड्याचेच करायचे. पण सोडा मिथेनॉलमध्ये हळू विरघळतो, आणि तळणाच्या तेलातले ग्लिसरीन थंड झाले की गोठून तोटीत अडकते. पोटॅशचे ग्लिसरीन पातळ राहते. नव्या माणसाने पोटॅशच वापरावे.

थर वेगळे झालेच नाहीत. काय चुकले?

सगळे मिश्रण जेलीसारखे झाले असेल तर साबण झाला: तेलात पाणी होते, किंवा आम्लता मोजण्यात चूक झाली, किंवा अल्कली जास्त पडली. ही बॅच बहुधा वाचत नाही.

मिश्रण पातळ आहे पण ग्लिसरीन फारच थोडे किंवा शून्य बसले, तर क्रियाच झालेली नाही. अल्कली कमी पडली, पोटॅश जुने होते, तापमान ४० च्या खाली गेले किंवा ढवळणे कमी झाले. ही बॅच वाचते. बसले तेवढे ग्लिसरीन काढा, ५ टक्के नवे मिथेनॉल आणि लिटरला १ ग्रॅम पोटॅश घालून ५५ अंशांना पुन्हा एक तास चालवा.

धुताना सगळे दुधासारखे पांढरे होते. का?

कच्च्या बायोडिझेलमध्ये साबण, मिथेनॉल आणि अल्कली उरतात, त्यासाठी पाण्याने धुवायचे. पहिले पाणी कोमट आणि अगदी हलक्या हाताने, शॉवरच्या तुषारांसारखे वरून सोडा. ढवळू नका. १० लिटरला ३ लिटर पाणी पुरते. तासाभराने तळाचे पांढुरके पाणी काढा. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्याला हळूहळू जोर वाढवा. पाणी स्वच्छ निघेपर्यंत तीन-चार वेळा.

पहिल्याच धुण्याला जोरात घुसळले तर साबण तेल-पाण्याला बांधून ठेवतो आणि दूध होते. ते ५० अंशांपर्यंत गरम करून, चिमूटभर मीठ घातलेले गरम पाणी सोडून वाट पाहा. व्हिनेगरने दूध लगेच फुटते, पण त्यातला साबण पुन्हा सुटे मेदाम्ल होऊन इंधनातच राहतो. अगदीच अडले तर वापरा, सवय करू नका.

हलक्या हाताने धुऊनही दूध होत असेल तर दोष धुण्यात नाही. अर्धवट राहिलेली क्रिया हे त्याचे नेहमीचे कारण.

धुतल्यावर बायोडिझेल ढगाळ दिसते. १०० ते ११० अंशांना तापवा, किंवा पसरट भांड्यात पंप लावून हवा सोडा. थंड झाल्यावर त्यातून छापील अक्षरे वाचता आली पाहिजेत. शेवटी हातात ९ ते साडेनऊ लिटर येते.

बनले ते खरेच बायोडिझेल आहे, हे घरी कसे पाहायचे?

३-२७ चाचणी करा. २७ मिलिलिटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलिटर बायोडिझेल टाकून हलवा, २० ते २५ अंशांना. बायोडिझेल मिथेनॉलमध्ये विरघळते, न बदललेले तेल विरघळत नाही. अर्ध्या तासाने तळाशी थेंब दिसला तर क्रिया अपुरी आहे, पुन्हा चालवा.

दुसरी, बाटलीत अर्धे बायोडिझेल आणि अर्धे पाणी घेऊन दहा सेकंद जोरात हलवा. अर्ध्या तासात दोन स्वच्छ थर झाले, मध्ये पांढरी साय नाही, तर साबण गेला.

या चाचण्या विक्रीसाठी पुरेशा नाहीत. भारतीय मानक आयएस १५६०७ प्रमाणे एस्टर, म्हणजे मिथेनॉल जोडलेली मेदाम्ले, किमान ९६.५ टक्के, पाणी किलोला जास्तीत जास्त ५०० मिलिग्रॅम, आम्ल मूल्य ०.५०, सुटे ग्लिसरीन ०.०२ टक्के, एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्के आणि मिथेनॉल ०.२० टक्क्याच्या आत लागते. ते प्रयोगशाळेतच कळते.

मिथेनॉलऐवजी साखर कारखान्याचे इथेनॉल वापरता येईल?

रसायनशास्त्राने येईल. पण रेक्टिफाइड स्पिरिटमध्ये ४ ते ५ टक्के पाणी असते, तेवढ्याने साबण धरतो. पेट्रोलमध्ये मिसळतात तसे ९९.५ टक्क्यांचे इथेनॉल हवे. तरीही ग्लिसरीन सहजासहजी वेगळे होत नाही. मिथेनॉलवर हात बसल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

मिथेनॉल खरेच इतके घातक आहे?

हो. २०१५ साली मुंबईतल्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसे दगावली, ती मिथेनॉलने. १० मिलिलिटर पोटात गेले तरी दृष्टी जाऊ शकते. वाफ श्वासातून आणि द्रव कातडीतूनही आत जातो. लक्षणे बारा-चोवीस तास उशिराने येऊ शकतात, म्हणून बरे वाटते आहे म्हणून थांबू नका, थेट रुग्णालय गाठा आणि मिथेनॉल हे नाव सांगा. कॅनवर ठसठशीत लिहा आणि कॅन कुलपात ठेवा. घरात, स्वयंपाकघरात, मुलांच्या वावरात हे काम नाही. उघड्या शेडमध्ये, वाऱ्याकडे पाठ करून.

मिथेनॉलची ज्वाळा उन्हात दिसत नाही. जवळ कोरड्या पावडरचे अग्निशामक ठेवा. डोळ्यांवर पूर्ण बंद चष्मा आणि हातात रबरी लांब मोजे हवेतच. पोटॅशचे द्रावण डोळ्यात गेले तर वीस मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखान्यात जा.

बायोडिझेलने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. दोरीवर पसरून वाळवा.

कोणत्या इंजिनाला चालते?

शेतावरचे कमी फेऱ्यांचे एक सिलिंडरचे डिझेल इंजिन सर्वांत सहनशील. सुरुवात डिझेलमध्ये २० टक्के मिसळून करा. बायोडिझेल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवते, त्यामुळे पहिल्या काही तासांत फिल्टर तुंबतो. हा बायोडिझेलचा दोष नाही, पण जादा फिल्टर हाताशी ठेवा. साध्या रबराच्या नळ्या फुगून मऊ पडतात, त्या जागी व्हिटॉन या इंधन सोसणाऱ्या रबराच्या बसवा. पितळ, तांबे आणि जस्ताशी बायोडिझेलचा फार काळ संपर्क नको.

बीएस-६ गाडीत घरचे बायोडिझेल घालू नका. तिच्यातला धुराचा फिल्टर साफ होताना जादा इंधन फवारले जाते, त्यातले बायोडिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरून ते पातळ करते.

उष्णता किलोमागे डिझेलपेक्षा दहा-बारा टक्के कमी, पण घनता जास्त. त्यामुळे लिटरमागे फरक साधारण पाच ते आठ टक्के पडतो.

थंडीत गोठते का?

तळणाचे तेल पामचे असेल तर हो. त्याचे बायोडिझेल १३ ते १६ अंशांनाच ढगाळू लागते. निफाडला जानेवारीच्या पहाटे फिल्टर तुंबणारच. हिवाळ्यात २० टक्क्यांच्या वर जाऊ नका.

किती दिवस टिकते?

तीन महिन्यांत संपवा. ड्रम काठोकाठ भरा, सावलीत ठेवा, पाणी शिरू देऊ नका. आंबूस वास आला किंवा घट्टपणा जाणवला तर इंजिनात घालू नका.

ग्लिसरीन, धुण्याचे पाणी आणि पेंड यांचे काय करायचे?

कच्च्या ग्लिसरीनमध्ये मिथेनॉल असते, त्यामुळे ते जनावरांच्या आसपास नको. मिथेनॉल ऊर्ध्वपातनाने परत मिळवता येते, मात्र बंद उपकरणात. उघड्यावर उकळून उडवायचे नाही. मिथेनॉल काढलेले पोटॅशचे ग्लिसरीन थोडे थोडे करून कंपोस्टमध्ये जिरते, पोटॅश पिकालाच मिळते. सोड्याचे ग्लिसरीन जमिनीत घालू नका. धुण्याचे पाणी अल्कधर्मी आणि साबणाचे असते. ओढ्यात किंवा विहिरीजवळ सोडू नका.

करंजाची पेंड उत्तम नत्रखत आहे. गुरांना मात्र घालू नये.

परवडते का?

एक लिटर बायोडिझेलला सुमारे १.०५ ते १.१ लिटर तेल, पाव लिटरहून थोडे कमी मिथेनॉल आणि आठ-दहा ग्रॅम पोटॅश लागते. तुमच्या गावचे भाव घालून बघा. तेल विकत घेतले तर गणित बहुधा जमत नाही. बी स्वतःच्या बांधावरचे असेल, पेंड शेतात जात असेल, किंवा खानावळीचे तेल स्वस्तात मिळत असेल, तर जमते. तळणाच्या तेलाला आता दुसरेही गिऱ्हाईक आहे: एकूण ध्रुवीय घटक (पुन्हा पुन्हा तळल्याने वाढणारी खराबी) २५ टक्क्यांच्या वर गेलेले तेल खाण्यासाठी वापरायला १ जुलै २०१८ पासून मनाई आहे आणि ते बायोडिझेलकडे वळवण्याची अन्नसुरक्षा प्राधिकरणाची योजनाही आहे. त्या तेलाने पुन्हा गाड्यांवर भजी तळली जाऊ नयेत, हे आम्हाला इंधनाच्या बचतीहून मोठे वाटते.

मोगली एरंडाचे (जट्रोफाचे) काय झाले?

२००३ नंतर पडीक जमिनीवर त्याच्या लागवडीचा मोठा गाजावाजा झाला. २००९ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट होते, ते गाठले गेले नाही. २०१८ च्या धोरणात बायोडिझेलसाठी २०३० पर्यंत ५ टक्के ठेवले आहे. पाणी आणि खत दिलेल्या झाडांचे उत्पन्न पडीक जमिनीच्या हिशेबात धरले, हे खरे चुकले. निवडक वाण नव्हते, फळे एकदम पिकत नाहीत म्हणून तोडणीची मजुरी वाढली. करंज निदान आधीपासून बांधावर आणि रस्त्याकडेला उभा आहे, सावली देतो आणि हवेतला नत्र जमिनीत धरतो.

विकता येईल का?

घरी बनवलेले नाही. केंद्राच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे डिझेलमध्ये मिसळण्यासाठी बी-१००, म्हणजे शंभर टक्के बायोडिझेल, विकायला नोंदणी आणि मानकाप्रमाणे गुणवत्ता लागते. मिथेनॉल विषद्रव्यांच्या नियमांखाली येते, ते आणण्याआधी परवान्याची चौकशी करा. उलट बाजूने, रस्त्याकडेला स्वस्त ‘बायोडिझेल’ मिळते आहे म्हणून भरू नका. त्या नावाखाली औद्योगिक तेलेही विकली जातात. नोंदणी आणि चाचणी अहवाल मागा.

पहिली बॅच केवढी करावी?

१ लिटर. तेल १ लिटर, मिथेनॉल २२० मिलिलिटर, पोटॅश साडेपाच ग्रॅम अधिक आकडा, आणि ०.१ ग्रॅम मोजणारा काटा. पहिल्यांदा तळणाचे नको, कोरे सोयाबीन तेल घ्या. त्याचे थर कसे बसतात, रंग कसा दिसतो, धुतल्यावर पाणी कितव्यांदा स्वच्छ होते हे वहीत लिहून ठेवा. मग तोच प्रयोग तळणाच्या तेलावर आणि त्यानंतर करंजाच्या. तीन बॅचेस ३-२७ चाचणीत उतरल्या की १० लिटरकडे जा.